जागा एकदाच विकायची, गवत मात्र दर वर्षी कापायचं (१९व्या शतकातल्या बाग-दफनभूम्या)

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. विषय ऐकून कुणी नाक मुरडण्याआधीच सांगते, हा भुताखेतांचा धागा नाही. गवत, पैसे आणि माळीकाम यांचा आहे.

गेली सहा वर्षं मी बॉस्टनजवळ राहते. घरापासून चालत वीस मिनिटांवर माउंट ऑबर्न नावाची दफनभूमी आहे. इथे नवीन होते तेव्हा शेजारीण म्हणाली, "चल, पक्षी बघायला जाऊ," आणि सरळ त्या फाटकातून आत घेऊन गेली. मे महिना होता. गळ्यात दुर्बिणी अडकवलेली पंचवीस-तीस माणसं एका ओकच्या झाडाकडे माना वर करून उभी होती. खाली थडगी, वर वार्बलर. आईला फोनवर सांगितलं तर ती आधी गप्पच झाली. मग म्हणाली, "घरी आल्यावर अंघोळ केलीस ना?"

आता मी तिथे आठवड्यातून दोनदा जाते. अंघोळ करते, पण घामामुळे.

थोडी पार्श्वभूमी. १८०० च्या सुमारास युरोप-अमेरिकेतल्या शहरांत मेलेल्यांना जागा उरली नव्हती. चर्चच्या अंगणात एकावर एक दफनं व्हायची. पॅरिसने १८०४ मध्ये शहराबाहेर पेर लाशेज उघडली आणि त्याच वर्षी वस्तीत दफन करायला कायद्याने बंदी आली. अमेरिकेत पहिलं मोठं पाऊल माउंट ऑबर्नचं, १८३१ साली. गंमत म्हणजे ती ना चर्चने काढली ना नगरपालिकेने. काढली मॅसॅच्युसेट्सच्या बागायती संस्थेने! जेकब बिगेलो नावाचा डॉक्टर, जो वनस्पतिशास्त्रज्ञही होता, त्याच्या डोक्यातली ही कल्पना. संस्थेला प्रयोगासाठी बाग हवी होती, शहराला दफनभूमी हवी होती, दोन्ही एकाच ७२ एकरांत बसवू असा बेत.

पैशांची जुळवणी कशी केली ते बघा. जमीन ६,००० डॉलरची. १५ फूट बाय २० फुटांचा एक कौटुंबिक प्लॉट ६० डॉलरला. अट अशी की १०० प्लॉटना गिऱ्हाईक मिळालं तरच जमीन घ्यायची. साठ गुणिले शंभर, सरळ हिशोब. जमले शंभर जण, आणि २४ सप्टेंबर १८३१ ला उद्घाटनाचं भाषण झालं.

रुंद रस्त्यांना झाडांची नावं, पायवाटांना फुलांची. तळी, टेकड्या, वळणं. लोकांना इतकं आवडलं की रविवारी बग्ग्यांची रांग लागायला लागली. बॉस्टनमध्ये तेव्हा म्हणावी अशी सार्वजनिक बागच नव्हती. मग नियम आले. प्लॉटवाल्यांनाच पास, पास असेल तरच बग्गी आत, रविवारी इतरांना मज्जाव. घोडा चालीपेक्षा जोरात हाकायचा नाही, झाडाला बांधायचा नाही. फुलं तोडायची नाहीत, रानटीसुद्धा नाहीत. खायचं-प्यायचं आणायचं नाही.

इथवरचं कुठल्याही माहितीफलकावर सापडतं. माझं डोकं वेगळ्याच गोष्टीवर अडकलंय. मागच्या महिन्यात एका कौटुंबिक प्लॉटच्या ग्रॅनाइटच्या काठावर बसून बुटाची नाडी बांधत होते. बोटाला भोक लागलं. मग दुसरं, तिसरं. सगळ्या काठाला सारख्या अंतरावर भोकं, आणि आत करड्या रंगाचं शिसं. कधीकाळी तिथे लोखंडी रेलिंग होतं, शिशाने बसवलेलं. आता नाही. आजूबाजूचे काठ चाचपले, तिथेही तेच.

एवढी रेलिंगं गेली कुठे? आणि ती होती तेव्हा त्यांना रंग कोण देत होतं? आतलं गवत कोण कापत होतं? ६० डॉलर एकदाच मिळाले. गवत तर दर वर्षी वाढणार.

कुणाला यातलं काही माहीत असेल तर लिहा. मी वाचलेलं हळूहळू टाकतेच.

भोचक_भवानी

पहिला नंबर! आईंचा प्रश्न रास्त होता. 😀

एक शंका. ६० डॉलर म्हणजे त्या काळी गरिबाच्या आवाक्यातलं नसणारच. मग गरिबांना कुठे पुरायचे?

खुरपं

धागा वाचनखुणेत टाकला. तीस वर्षं एका महापालिकेच्या उद्यान खात्यात काढली, त्यामुळे गवताविषयी माझा हक्क आहे असं समजून लिहितो.

आज आपल्या डोळ्यांसमोर दफनभूमी म्हटलं की गालिच्यासारखी हिरवळ येते. १८३१ साली तशी हिरवळ असणं शक्यच नव्हतं. एडविन बडिंग नावाच्या इंग्रज माणसाने गवत कापायचं यंत्र काढलं ते १८३० साली, आणि ते जड धूड सगळीकडे पोचायला पुढे कैक वर्षं गेली. त्याआधी गवत कापायचं म्हणजे लांब दांड्याचा मोठा विळा दोन्ही हातांनी फिरवायचा. हे काम पहाटे, दव असताना करतात, कारण ओलं गवत पात्यासमोर उभं राहतं, सुकलेलं वाकतं. मोकळ्या रानात एक तरबेज गडी दिवसाला एकराच्या आसपास उरकेल. पण तुमच्या त्या रेलिंगच्या आत? तिथे विळा फिरवायला वाव कुठला! पंधरा बाय वीसच्या चौकटीत चार थडगी, मधे गुलाबाचं झुडूप. म्हणजे गुडघ्यावर बसून हातविळ्याने. जिथे एक माणूस पुरला असता तिथे सहा लागणार.

त्यात कबरीची माती बसते. ताजा खड्डा भरला की वर उंचवटा ठेवावा लागतो, एका पावसाळ्यात तो खाली जातो, कधी खळगा पडतो, मग पुन्हा भर. दगड लगेच उभा केला तर कलतो. हे सगळं कुणीतरी वहीत लिहून ठेवून, आठवण ठेवून करायचं काम आहे.

या विषयाचा बाप म्हणजे जॉन क्लॉडियस लाउडन. स्कॉटिश माणूस, १८४३ साली त्याने दफनभूमी आखणं, झाडं लावणं आणि चालवणं यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याच वर्षाअखेरीस स्वतः गेला. आमच्यासारख्याला ते वाचताना बरं वाटतं, कारण तो आधी निचऱ्याचं बोलतो आणि मग सौंदर्याचं. जमीन चौकटींत आखा, प्रत्येक कबरीला क्रमांक द्या, नकाशा आणि नोंदवही ठेवा. झाडं उभट, सुईपर्णी, सदाहरित निवडा, म्हणजे ऊन-वारा अडत नाही, जमीन कोरडी राहते आणि पानगळीचा कचरा होत नाही. शोकाची खूण म्हणून सगळे जे वीपिंग विलो लावायचे, ते त्याला पसंत नव्हतं. बरोबरच आहे. विलोला पाण्याची ओढ, म्हणजे मुळं कुठे जातील सांगता येत नाही, आणि ज्या जागी तो खुशीत वाढतो ती जागा पुरायला मुळातच ओली.

आपल्याकडे दफनभूमीत आणि दर्ग्यात पांढरा चाफा असतो. फांदी खोचली की लागते, पाणी मागत नाही. फुलं रोज झाडावी लागतात तेवढंच.

टेम्सकाठ

लंडनहून लिहितोय. भवानीताई, तुमच्या प्रश्नाचं इथलं उत्तर: गरिबांसाठी 'कॉमन ग्रेव्ह'. खोल खड्डा, त्यात एकावर एक अनोळखी लोकांच्या शवपेट्या, वर दगड नाही. बाहेरून सुंदर दिसणाऱ्या प्रत्येक दफनभूमीत हा भाग होता, आणि बहुतेकदा भिंतीकडेला, फाटकातून दिसणार नाही असा. पॅरिसमध्येही गरिबांना सामाईक चर, आणि पाच वर्षांनी ती जागा पुन्हा वापरायची मुभा.

इथे कथा अमेरिकेपेक्षा वेगळी, कारण लंडनच्या दफनभूम्या सरळसरळ धंदा होत्या. भागधारक, लाभांश, सगळं. १८३०-४० च्या दशकांत शहराभोवती अशा सात निघाल्या. पहिली केन्सल ग्रीन, १८३३. नुकतीच कॉलऱ्याची साथ येऊन गेलेली, त्यामुळे लोकांच्या मनात शहरातल्या दफनांची धास्ती होतीच. (द्वारकानाथ टागोर, रवींद्रनाथांचे आजोबा, १८४६ मध्ये इथे वारले, ते केन्सल ग्रीनमध्येच आहेत. आणि खुरपंकाका, तुमचे लाउडनसाहेबही.) सुरुवातीला विक्री मंद होती. मग १८४३ मध्ये राजाचा एक मुलगा, ड्यूक ऑफ ससेक्स, याला तिथे पुरलं. झालं. राजपुत्र जिथे, तिथे आपणही! अख्खा उच्चवर्ग रांगेत.

हायगेटची १८३९ ची. १७ एकर जमीन ३,५०० पौंडांना घेतली, टेकडीच्या उतारावर, वर देवदाराचं जुनं झाड होतं ते तसंच ठेवून त्याभोवती गोल तळघरं खणली. इजिप्शियन कमान वगैरे सगळा थाट. थाट विकला जायचा, गवत नव्हे.

व्यवस्थापनाची मेख अशी. कंपनी कबर विकते तेव्हा नफा आज दिसतो. देखभालीचा खर्च मात्र पुढच्या शंभर वर्षांचा. तो बाजूला काढला तर लाभांश कमी होतो. कोण काढणार? काही ग्राहक जास्तीची रक्कम भरून आपल्या कबरीची 'कायमची' निगा विकत घ्यायचे, बाकीच्यांचं वर्षाला थोडे शिलिंग आले तर आले. जोवर नवी जागा विकायला शिल्लक होती तोवर त्या पैशात सगळं निभावलं. जागा संपली, पहिल्या महायुद्धात माळी गेले, दहनाची प्रथा वाढली, आणि एकेका कंपनीचा श्वास कोंडला. नन्हेडच्या दफनभूमीला कंपनीने १९६९ मध्ये सरळ कुलूप घातलं. १९७५ साली नगर कौन्सिलने ती विकत घेतली. किंमत: १ पौंड. ५२ एकर!

हायगेटचं फाटकही १९७५ मध्ये बंद झालं. त्याच वर्षी स्थानिक लोकांनी मित्रमंडळ काढलं, आणि आज तिकीट लावून, वाटाडे नेमून ते चालतं. मार्क्सच्या नावावर बरेच लोक येतात. त्याच्या कबरीपाशी जायला पैसे मोजावे लागतात यावर इथे रोज कुणीतरी विनोद करतं, तेव्हा तो तुम्ही करू नका.

मी स्वतः एका जुन्या दफनभूमीत महिन्यातून एक शनिवार श्रमदानाला जातो. पहिल्या दिवशी उत्साहात एका दगडावरची आयव्ही ओढून काढायला लागलो तर आमच्या म्होरक्या बाई धावत आल्या. आयव्ही ओढायची नाही! तिची मुळं दगडाच्या पापुद्र्यात शिरलेली असतात, वेल ओढली की अक्षरंही घेऊन येते. बुंध्याशी कापायची, आणि वर्ष-दोन वर्षं थांबायचं. वेल वाळून आपोआप सुटते, मग हाताने हळूच. मी त्या दिवशी ओढलेल्या दगडावर पूर्वी 'प्रिय पत्नी' असावं. आता नुसतं 'पत्नी' आहे.

भोचक_भवानी

"आता नुसतं 'पत्नी' आहे." अरे देवा. बऱ्याच घरांत हे आयव्हीशिवाय होतं.

हिशेबनीस

मी सनदी लेखापाल, त्यामुळे गुदगुल्या झाल्या. पाऊलवाट यांनी दिलेल्या आकड्यांवर मागच्या पानावर केलेलं गणित:

७२ एकर म्हणजे सुमारे ३१ लाख ३६ हजार चौ. फूट. अर्धी जागा रस्ते, तळी, उतार यांत गेली असं धरू. उरलेल्यात ३०० चौ. फुटांचे सुमारे ५,२०० प्लॉट. ६० डॉलरच्या दराने ३ लाख १२ हजार डॉलर. ऐकायला भरपूर. पण हे पैसे वीस-तीस वर्षांत तुकड्या-तुकड्याने येणार, आणि येतील तसे रस्ते, फाटक, भिंत, नाल्या यांत जाणार. सगळे प्लॉट विकले गेले की आवक शून्य. खर्च चालूच.

समजा प्रत्येक प्लॉटमागे ६० डॉलर वेगळे ठेवले असते, पाच टक्क्यांनी वर्षाला ३ डॉलर सुटतात. त्या काळचा मजुराचा रोज अंदाजे एक डॉलर धरला तर एका प्लॉटला वर्षाला तीन दिवसांची मजुरी. पुरेसं आहे! शंभर वर्षांनी मजुरी वीसपट होते, व्याज तेच ३ डॉलर. मग त्याच पैशात वर्षाला तासभर.

हे आपल्याला नवीन नाही. आमच्या शाळेत मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला एका दात्याने १९५० च्या दशकात ठेवलेल्या ५०० रुपयांच्या व्याजातून बक्षीस होतं. दात्याच्या मनात त्यातून दर वर्षी एक जाडजूड शब्दकोश यावा असं होतं. मला ते बक्षीस मिळालं तेव्हा बॉलपेन मिळालं. रिफिल संपलेलं होतं, पण तो वेगळा विषय.

'कायम ठेव' या शब्दातला 'कायम' फक्त मुद्दलाला लागू असतो.

खुरपं

हिशेबनीस, जुन्या लोकांना हे कळत होतं. म्हणून तर देवळाच्या दिवाबत्तीसाठी रोकड देत नसत, जमीन इनाम देत. जमिनीचं पीक महागाईबरोबर वाढतं. (नंतर त्या जमिनींचं काय झालं हे विचारू नका.)

पाऊलवाट

वा, धागा भलताच फुलला. हिशेबनीस, तुमच्या गणितात एक वाटेकरी राहिला.

१८३५ साली दफनभूमी आणि बागायती संस्था यांची फारकत झाली. भांडणाचं मूळ उघड होतं: संस्थेला प्रयोगाची बाग हवी, प्लॉटवाल्यांना शांतता. शेवटी प्लॉटवाल्यांची वेगळी नोंदणीकृत संस्था झाली, बागेचा प्रयोग बारगळला, आणि तोड अशी निघाली की प्लॉटविक्रीच्या उत्पन्नातून दर वर्षी १,४०० डॉलर खर्चाचे वजा करायचे आणि उरलेल्याचा चौथा हिस्सा बागायती संस्थेला द्यायचा. म्हणजे गवत कापायला पैसे हवेत तेव्हा पाव हिस्सा दुसऱ्याच्याच खिशात. त्या पैशावर त्या संस्थेने शहरात मोठं सभागृह बांधलं.

फारकतीत एक चांगली गोष्ट झाली. माउंट ऑबर्नला भागधारक नव्हते. प्लॉट घेणारा तोच मालक, नफा वाटायचा नाही. टेम्सकाठ, तुमच्या कंपन्या बुडाल्या आणि ही टिकली यातला मोठा फरक मला हा वाटतो. विश्वस्तांनी पुढे दुरुस्तीसाठी निधी उभा केला, प्लॉटवाल्यांकडून निगेसाठी ठेवी घ्यायला सुरुवात केली. आजूबाजूची जमीन घेत घेत आज ती सुमारे १७५ एकर आहे, म्हणजे विकायला जागा अजूनही पुरती संपलेली नाही.

आता रेलिंग. सुरुवातीला प्लॉट म्हणजे ज्याचं त्याचं संस्थान. घेणाऱ्याने हवं तसं सजवायचं: बिडाचं रेलिंग, त्याला छोटं फाटक, फाटकाला कुलूप, आत लोखंडी बाक. शेजाऱ्याने वेली काढल्या म्हणून आपण अंगूर काढायचे. दहा-वीस वर्षांत घरातली पिढी बदलली, कुणी दुसऱ्या राज्यात गेलं, कुणी दिवाळखोर झालं. रेलिंग गंजलं, आत तण. एका वाड्याचे अठरा वारस आणि पत्रे कोण बदलणार, तसं.

यावर तोडगा काढला तो सिनसिनाटीत. तिथल्या स्प्रिंग ग्रोव्ह दफनभूमीची (स्थापना १८४५) गोष्ट मला सगळ्यांत आवडली. अडॉल्फ श्ट्राउख नावाचा प्रशियन माळी. व्हिएन्नाच्या राजबागांत शिकलेला, मग लंडनला. तिथे १८५१ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी त्याची सिनसिनाटीच्या एका धनिकाशी गाठ पडली. पुढच्या वर्षी अमेरिका फिरताना सिनसिनाटीत त्याचा पुढचा प्रवास चुकला, खिशात त्या गृहस्थाचं कार्ड होतं, गेला भेटायला, आणि जन्मभर तिथेच राहिला.

१८५० च्या दशकात त्याला स्प्रिंग ग्रोव्ह सुधारायला सांगितलं, १८५९ पासून तो तिथला अधीक्षक. त्याने काय केलं? सगळी रेलिंगं आणि कुंपणं काढायला लावली. दलदल होती तिथे तळी खणली. कबरीवरचे उंचवटे सपाट केले. एका कुटुंबाला मधोमध एकच मोठं स्मारक, बाकीचे दगड बुटके, जमिनीलगत. आणि खासगी माळी बंद. प्लॉट तुमचा, पण खुरपं दफनभूमीचं. (काका, तुम्ही नव्हे.)

लोक खवळले. आमच्या बापाच्या कबरीवरचं कुंपण काढणारा तू कोण? परदेशी माणूस, त्यात हुकूमशाही बाणा. पण तो हटला नाही. कुंपणं गेली आणि गवत एकसंध झालं. बडिंगचं यंत्र, किंवा त्याची नातवंडं, आता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवता यायला लागलं.

म्हणजे माझ्या बोटाला लागलेल्या शिशाच्या भोकांचं उत्तर तेच. सिनसिनाटीचं बघून इतरांनीही हळूहळू रेलिंगं काढली. १८८७ मध्ये दफनभूमींच्या अधीक्षकांनी आपली देशव्यापी संघटना काढली, तीही सिनसिनाटीतच. श्ट्राउख त्याआधी चार वर्षं वारला होता. त्याची कबर तिथल्याच तळ्यातल्या एका छोट्या बेटावर आहे.

टेम्सकाठ

श्ट्राउखला मी हार घालणार नाही. एकसंध हिरवळ म्हणजे यंत्राच्या सोयीची हिरवळ. ज्या बाईने नवऱ्याच्या कबरीभोवती लोखंडी वेलबुट्टी करून घेतली तिला ती हवी होती म्हणून घेतली. सगळं सपाट आणि बुटकं केल्यावर उरतो तो गोल्फचा माळ. हायगेटमध्ये आज जे बघायला जग येतं ते नेमकं त्या हौशी गर्दीमुळे. कंपनीने शिस्त लावली असती तर आज तिथे बघायला काय असतं?

खुरपं

टेम्सकाठ, तुम्ही शनिवारी जाता आणि संध्याकाळी घरी येता. सोमवार ते शुक्रवार तिथे राबणाऱ्याला विचारा, तो श्ट्राउखला हारच काय, पेढे देईल. गंजक्या रेलिंगच्या आत हात घालून तण काढताना धनुर्वाताचं इंजेक्शन मी दोनदा घेतलंय. आमच्याकडे एका बागेत प्रत्येक नगरसेवकाने आपापल्या वडिलांच्या नावाचा कट्टा, त्याभोवती साखळी, असं करून ठेवलं होतं. बांधताना सगळे, धुताना कुणी नाही.

नवशिका

मूर्ख प्रश्न असेल तर माफ करा. बॉस्टनला हिवाळ्यात जमीन गोठते ना? मग जानेवारीत गेलेल्या माणसाचं काय करायचे?

पाऊलवाट

नवशिका, अजिबात मूर्ख नाही. त्यासाठी स्वागत-तळघर असायचं. टेकडीच्या पोटात दगडी खोली, तिला लोखंडी दार. हिवाळ्यातल्या शवपेट्या तिथे ठेवायच्या, नोंद करायची, आणि जमीन मऊ झाली की वसंतात एकेक दफन. उन्हाळ्यातही प्लॉट घ्यायचा की नाही यावर घरात मतभेद असले तर तात्पुरती सोय म्हणून वापर व्हायचा. अर्थात मोफत नव्हे.

शिवडीकर

उशिरा आलो, पण आमच्या दारातली गोष्ट कुणी सांगितलीच नाही म्हणून लिहितो.

माउंट ऑबर्न बागायती संस्थेने काढली हे वाचून दचकलो. कारण शिवडीची ख्रिश्चन दफनभूमी जिथे आहे तिथे आधी बागच होती! ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाचं उद्यान. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड (हो, मार्केटवाले) यांनी १८६५ मध्ये ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेतली. मरीन लाइन्सची सोनापूरची जुनी दफनभूमी तोवर गच्च भरली होती. संस्थेची बाग भायखळ्याला गेली, तीच आपली राणीची बाग. म्हणजे बॉस्टनला बाग आणि दफनभूमी एकत्र नांदायला निघाली आणि चार वर्षांत काडीमोड. मुंबईत बागेने घर सोडलं आणि दफनभूमी राहायला आली. लहानपणी राणीच्या बागेत हत्ती बघताना हे कुठे ठाऊक होतं!

व्हीटी स्टेशन ज्यांनी उभं केलं ते एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स १९०० साली मुंबईतच वारले, ते शिवडीत आहेत. मी शाळेत असताना एका मित्राच्या आजीच्या दफनाला गेलो होतो. जून महिना. खणणाऱ्या दोघांनी खड्ड्यातलं पाणी पत्र्याच्या डब्याने उपसलं, पुन्हा भरलं, पुन्हा उपसलं. फादर छत्री धरून थांबले होते. लाउडनसाहेब निचऱ्याचं आधी का बोलतात ते खुरपंकाकांनी लिहिलं तेव्हा मला तो डबाच आठवला.

हिशेबनीस

शिवडीकर, भारी. मुंबईशी आणखी एक धागा: लंडनजवळची ब्रुकवुड. १८५४ मध्ये उघडली, आणि तिला स्वतःची रेल्वे होती! वॉटर्लूजवळच्या खास स्टेशनातून शवपेट्या आणि नातेवाईक घेऊन गाडी सुटायची. जिवंतांना पहिला, दुसरा, तिसरा वर्ग. मृतांनाही पहिला, दुसरा, तिसरा वर्ग. नातेवाइकांना परतीचं तिकीट, शवपेटीला फक्त जाण्याचं. असा चोख हिशोब मी दुसरीकडे पाहिला नाही. १९४१ च्या बाँबहल्ल्यात ते स्टेशन गेलं आणि गाडी बंद झाली.

ब्रुकवुडमध्ये १८६० च्या दशकापासून पारशांसाठी वेगळा भाग आहे. जमशेटजी टाटा १९०४ मध्ये जर्मनीत वारले, त्यांची समाधी तिथे आहे. दोराबजींचीही तिथेच.

भोचक_भवानी

एकेरी तिकीट! यावर काही बोलण्यासारखं उरलं नाही.

बरं, मग सध्या गवत कोण कापतं? पाऊलवाट, मुद्द्यावर या.

पाऊलवाट

आज सकाळी मुद्दाम जाऊन आले. पगारी माणसं आहेत, आणि बऱ्याच उतारांवर आता गवत कापतच नाहीत. जिथे यंत्र कलतं, दगडांना ठोकर बसते, तिथे कमी उंचीची झाडोरी, रानफुलं लावत चाललेत. एका बाईंना विचारलं तर म्हणाल्या, दगडाच्या कडेने फिरणारं नायलॉनच्या दोरीचं यंत्र संगमरवराला आयव्हीपेक्षा जास्त मारतं. खालच्या वितीभर भागात बारीक ओरखडे दिसतात, तिथे पाणी मुरतं. मग मी वाकून बघितलं. खरंच, जुन्या पांढऱ्या दगडांच्या पायाशी घोट्याच्या उंचीवर एक खरबरीत पट्टा आहे, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ राहतो तसा.

टेम्सकाठ

आमच्याकडे हेच. जुन्या दगडांच्या कडेला आम्ही हाताने कातरतो, बाकी वाढू देतो. पैशाचा प्रश्न मात्र तसाच आहे. हायगेटला २०२२ मध्ये खास कायद्याने परवानगी मिळाली की ७५ वर्षं ज्यात दफन झालं नाही अशा कबरी, नोटीस देऊन, पुन्हा वापरता येतील. कुटुंबाने हरकत घेतली तर नाही.

खुरपं

शेवटी पाच वर्षांच्या फ्रेंच हिशोबापाशीच आले, फक्त पंच्याहत्तर केली.

पाऊलवाट, त्या बाईंना विचारा, उतारावर नेमकं काय लावलंय. आमच्याकडे एका टेकडीवर हाच घोळ आहे.

पाऊलवाट

विचारून सांगते काका. सप्टेंबरात आई येतेय, तिला घेऊन जाणार आहे. पक्षी बघायला, असंच सांगितलंय.

भोचक_भवानी

पाणी तापवून ठेवा.